हातचा कोणी खाल्ला

मशीन बंद पडलं असतं तर मला कुणी काही बोललं नसतं. बंद पडलेलं मशीन आंधळ्यालाही कळतं. आमचं मशीन चालू राहायचं, खडखडायचं, कागदावर रांगेने आकडे छापायचं, आणि त्यातले काही आकडे खोटे असायचे. त्या खोटेपणाबद्दल अकोल्याच्या कचेरीत मला जबाबदार धरलं गेलं. याला आता पुष्कळ वर्षं लोटली. केस पिकले, गुडघे गेले, पण ते दिवस आठवले की कानशिलं अजून तापतात.

साठीचं दशक निम्मं सरलं होतं. मी एकवीस वर्षांची होते. वडील अमरावतीला कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेसमध्ये हमाली करत, आई दुसऱ्यांच्या शेतात वेचणीला जाई. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतर वडिलांनी घरात एकच धोशा लावला, पोरगी शिकली पाहिजे. मला गणित आवडायचं. इंटर सायन्सपर्यंत शिकले आणि राखीव जागेवर मला अकोल्यात सरकारी नोकरी लागली. वडील बडनेऱ्यापर्यंत सोडायला आले. गाडीच्या खिडकीशी उभे राहून म्हणाले, "कोनी काई म्हनलं तं घाबरू नको. पन काम चोख पायजे. काम चोख असलं का मानसाले बोलाले तोंड राह्यते."

अकोल्यात मी मावशीकडे राहत असे. मावसा एका जिनिंगमध्ये फिटर होता. आमच्या कचेरीपासून ती जिनिंग दोन गल्ल्या सोडून होती, तिचा भोंगा आम्हाला टेबलावर ऐकू यायचा.

आमची कचेरी पिकांची आकडेवारी गोळा करायची. गावोगावचे पटवारी ठरलेल्या तुकड्यातलं पीक कापून, तोलून, त्याचं वजन कागदावर लिहून पाठवत. आम्ही ते वजन जाड कागदाच्या कार्डावर भोकं पाडून नोंदवायचो. कोणत्या रकान्यात कुठे भोक आहे यावरून मशीन आकडा ओळखे, शेकडो कार्डं भराभर वाचे आणि बेरीज छापून देई. आज ज्याला कॉम्प्युटर म्हणतात त्याचा हा आजोबा समजा. कपाटाएवढा लोखंडी देह, आणि पोटात चुंबकाचे शेकडो खटके. वीज आली की खटका बसायचा, गेली की सुटायचा. सगळं गणित त्या खटक्यांवर चालायचं.

मुंबईच्या कंपनीचा मेकॅनिक पावसाळ्यात येऊन मशीन बसवून गेला होता. तीन आठवडे राहून त्याने मला ते शिकवलं. परीक्षा घेतली, मी पास झाले आणि मशीन माझ्या ताब्यात आलं. सकाळी मशीनवरची खोळ काढताना मला जो आनंद व्हायचा तो सांगून पटणार नाही. आमच्या घरात शिवणयंत्रसुद्धा नव्हतं. श्रावण, भाद्रपद, आश्विन, तीन महिने मशीनने एक बेरीज चुकवली नाही. आमचे साहेब पुण्याचे. ते पाहुण्यांना मशीन दाखवायला घेऊन येत आणि मला कार्डं घालून दाखवायला सांगत. पाहुणे मशीनकडे बघत, मग माझ्याकडे बघत.

दिवाळी झाली, कापूस बाजारात यायला लागला आणि मशीन बिघडलं.

पहिली चूक बडेबाबूंनी पकडली. बडेबाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क. बार्शीटाकळीकडच्या ज्वारीचा गठ्ठा होता. त्यांनी सहज म्हणून कागदावर बेरीज मांडली तर मशीनचं उत्तर शंभराने कमी. मी तीच कार्डं पुन्हा घातली. उत्तर निराळं आलं, आता दहाने कमी. तिसऱ्यांदा घातली तर बरोबर आलं.

"तीनदा तीन उत्तरं," बडेबाबू म्हणाले. "मशीन तेच, कार्डं तीच. मग बदललं काय? हात."

मी म्हटलं, "बडेबाबू, हात माझेच होते तिन्ही वेळा."

"तेच तर म्हणतो आहे मी," ते म्हणाले, आणि हॉलमधली माणसं हसली.

त्या दिवसापासून रोजचा जाच सुरू झाला. मी कार्डं तपासून घेऊ लागले. एकेक कार्ड उजेडासमोर धरून भोकं मोजली. कडा सरळ केल्या, ओलसर वाटली ती उन्हात ठेवली. मशीनमध्ये तेल सोडलं, ब्रशाने खटके साफ केले. तरी चुका होतच. बडेबाबूंनी दोन कारकुनांना माझ्या प्रत्येक बेरजेची हाताने पडताळणी करायला बसवलं. म्हणजे मशीन येण्याआधी जे काम होतं तेच, वर त्या दोघांचा राग माझ्यावर. एकदा मी पाणी प्यायला गेले असताना बडेबाबू कुणाला तरी सांगत होते, "कोट्यातून आलेल्यांच्या हातात यंत्र दिलं की असं होतं. झाडू वेगळा आणि यंत्र वेगळं." मी दारातच होते. त्यांनी मला पाहिलं आणि आवाज कमी केला नाही.

मी भांडले नाही, ही माझी लाज आहे. मला खरोखरच वाटायला लागलं होतं की चूक माझी आहे. मी बोटांची नखं कापली. मशीनसमोर उभी राहताना श्वास मोजायची. माणसाला पुरेसा वेळ दोष दिला की तो स्वतःच स्वतःची झडती घ्यायला लागतो, हे मी तेव्हा शिकले आणि त्याबद्दल मी कुणालाही माफ केलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. चुका नेहमी दहाच्या, शंभराच्या नाहीतर हजाराच्या असत. सातने चुकलं, त्रेपन्नने चुकलं, असं कधीच नाही. भोक चुकीच्या जागी पडलं असतं तर कसलाही फरक आला असता. दहा, शंभर, हजार याचा अर्थ पोरालाही कळेल. बेरजेत हातचा धरायचा राहिला की उत्तर असंच चुकतं. मशीन हातचा विसरत होतं.

मी बडेबाबूंना हे सांगितलं. ते म्हणाले, "मशीन विसरतं? मशीनला काय घरची काळजी आहे विसरायला?"

एकदा अकोट तालुक्याच्या कापसाचा मोठा गठ्ठा अडला होता. सगळे डबे खायला गेले, मी गेले नाही. एकटीच कार्डं घालत राहिले. बेरीज बरोबर आली. पुन्हा घातली, बरोबर. चार वेळा घातली, चारही वेळा बरोबर. मला रडू आलं. वाटलं, आसपास कुणी नसलं की माझे हात नीट चालतात, म्हणजे दोष माझ्या भित्रेपणाचाच. तेवढ्यात दोन गल्ल्या पलीकडे जिनिंगचा भोंगा झाला, दुपारची सुटी संपल्याचा. आणि माझ्या डोक्यावरचा बल्ब, इतका वेळ पांढरा जळत होता तो, पिवळा झाला.

मी पाचव्यांदा कार्डं घातली. शंभराने कमी.

संध्याकाळी घरी गेल्या गेल्या मी मावसाला विचारलं, "मावसा, तुमच्या जिनिंगमधे दुपारी काय बंद राहते?"

"सबन बंद राह्यते," मावसा पाय धुता धुता म्हणाला. "जेवाची सुटी असते ना. मोटरा बंद, रेचे बंद. काहून वं?"

रेचे म्हणजे कापसातून सरकी काढायची यंत्रं. मी त्याला विचारलं, मागच्या वर्षीही मोटरा होत्या का.

"मांगच्या साली कुठं? मांगच्या सालापर्यंत तेलाचं इंजन होतं. औंदा मालकानं बिजलीच्या मोटरा बसवल्या. हंगाम सुरू झाला तवापासून चालू हायत. एकदम समद्या लावल्या का आमचेच दिवे चिमनीवानी होतात. तुमची कचेरी बी त्याच तारेवर असन."

मी त्याला खटक्यांचं, हातच्याचं सगळं सांगितलं. मावसा चौथी शिकलेला. तो हात पुसत म्हणाला, "मंग त्यात काय एवढं? चुंबक बिजलीवर चालते. बिजली पुरली नाई तं चुंबक ढिलं पडन. ढिलं पडलं तं खटका बसनच कसा? उपाशी मानसाले सरकीचा बोरा उचलाले लावशीन तं तो अर्ध्यातच टाकनार ना."

मावशी चुलीपाशी होती. ती म्हणाली, "आन पोरीले म्हनतात तुले येत नाई."

जिनिंगला मंगळवारी सुटी असे. मी मागच्या दीड महिन्याचे कागद काढून पाहिले. मंगळवारची एकही बेरीज चुकलेली नव्हती.

पुराव्याशिवाय कुणी ऐकणार नाही हे मला माहीत होतं. मावसाने जिनिंगच्या वायरमनकडून लाकडी पेटीतलं व्होल्टमीटर दोन आठवड्यांसाठी मागून आणलं आणि ते लावायचं कसं, वाचायचं कसं, हे मला शिकवलं. कापडी पिशवीतून, वर भाकरीचा डबा ठेवून, मी ते कचेरीत नेलं. दर अर्ध्या तासाला काटा बघायचा, वहीत लिहायचा, तेव्हाची बेरीज बरोबर की चूक ते शेजारी लिहायचं. सकाळी मोटरा एकदम लागत तेव्हा काटा झपकन खाली बसे. दुपारच्या सुटीत तो पुन्हा वर. काटा एका रेघेखाली गेला की चुका, वर गेला की एकही नाही. दोन आठवड्यांची वही इतकी स्वच्छ बोलत होती की मला वाटलं, आता हे साहेबांपुढे ठेवलं की झालं. एकवीस वर्षांची होते, दुसरं काय.

साहेबांच्या खोलीत शिरले तेव्हा बडेबाबू तिथेच होते. उत्साहाच्या भरात माझ्या तोंडून घरची बोली निघाली. "साहेब, मले वाटते मशीनले बिजली कमी पडून राहिली."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बाई, आधी बोलायला शिका. मग यंत्राबद्दल बोलू."

मी पुन्हा, शाळेतल्या मराठीत, सगळं सांगितलं आणि वही पुढे ठेवली. साहेबांनी दोन पानं उलटली.

"हे मोजायचं यंत्र कुठून आणलंत?"

"जिनिंगमधून, साहेब. माझे मावसा तिथे फिटर आहेत."

"म्हणजे बाहेरचं उपकरण, बाहेरच्या माणसाच्या सांगण्यावरून, तुम्ही सरकारी मशीनला लावलंत. कुणाच्या परवानगीने?"

"साहेब, मशीनला नाही, भिंतीतल्या प्लगला लावलं."

"उलट बोलू नका," बडेबाबू म्हणाले.

वही साहेबांनी ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी मला मेमो मिळाला. कामात निष्काळजीपणा आणि विनापरवानगी उपकरण वापरणे, याबद्दल आठ दिवसांत खुलासा करावा, अन्यथा परिवीक्षा काळ वाढवण्यात येईल. आमच्या भाषेत, कायम होणार नाही. मी तो मेमो तीनदा वाचला. त्यात विजेचा एक शब्द नव्हता.

त्याच आठवड्यात मुंबईहून मेकॅनिक आला. साहेबांनी कंपनीला तक्रार केली होती की मशीन ठीक आहे पण ऑपरेटरला पुन्हा शिकवावं लागेल, माणूस पाठवा. तोच माणूस, पावसाळ्यात मला शिकवून गेलेला. त्याने माझ्याकडून कार्डं घेतली, स्वतः घातली. बेरीज हजाराने कमी आली. त्याने आपल्या बॅगेतून मीटर काढलं, प्लगला लावलं, आणि माझ्याकडे न बघता हिंदीत म्हणाला, "इसमें लड़की का क्या क़सूर है?"

मग त्याने मशीनचं मागचं झाकण उघडून बडेबाबूंना एक पेटी दाखवली. भिंतीतली वीज घेऊन खटक्यांना लागेल तशी करून देणारी. म्हणाला, हिला बाहेरूनच कमी आलं तर ही तरी आत काय देणार? म्हणून तर कंपनीने मशीनबरोबर स्टॅबिलायझर दिला होता. बाहेर वीज कितीही खालीवर झाली तरी आत एकसारखी सोडणारा मोठा राखाडी डबा. पावसाळ्यात मशीन बसवलं तेव्हा तो मागून मालगाडीने येणार होता. आला नाही का?

बडेबाबू म्हणाले, "आला होता. बिघडलेला निघाला. नागपूरला दुरुस्तीला गेला आहे."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. असा काही डबा असतो हेच मला ठाऊक नव्हतं. मेकॅनिकने आपल्या कागदावर तसं लिहिलं, डबा लवकर आणवून घ्या म्हणाला आणि दुपारच्या गाडीने गेला. आता मेमो मागे घेतील, असं मी धरून चालले.

इतक्या वर्षांनी, परवा भाचीच्या घरी तिचा कॉम्प्युटर सारखा मधेच बंद पडत होता. दुरुस्तीवाला आला, झाकण उघडलं आणि पाच मिनिटांत म्हणाला, "यात काही बिघाड नाही मॅडम, आतला पॉवर सप्लाय लहान बसवलाय, त्याला ताण झेपत नाही." भाचीने त्याला चहा दिला. तिच्या हातांना कुणी दोष दिला नाही. मी शेजारी बसून ऐकत होते आणि मला त्या बिचाऱ्या माणसावर कारण नसताना ओरडावंसं वाटत होतं.

तर मेमो काही मागे घेतला गेला नाही. उलट बडेबाबूंनी मला बोलावून खुलासा सांगितला, मी तो लिहून घेतला. 'माझ्या अननुभवामुळे चुका झाल्या, यापुढे दक्षता घेईन, सहानुभूतीने विचार व्हावा.' ते म्हणाले, "सही करा. साहेब तापाने घरी आहेत, बंगल्यावर नेऊन द्या. माफी मागितली की साहेब मोठ्या मनाचे आहेत." घरी आईवडील होते, धाकटी दोन भावंडं होती. मी सही केली.

बंगल्यावर गेले तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील. दार साहेबांच्या बाईंनी उघडलं. चाळिशीच्या, हसऱ्या चेहऱ्याच्या. साहेब आत झोपले होते. "उन्हाची आलीस, बस आधी," म्हणत त्यांनी मला स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत खुर्चीवर बसवलं. तिथे पांढराशुभ्र फ्रीज होता. मी फ्रीज पहिल्यांदा इतक्या जवळून बघत होते. त्यांनी बाटली काढून मला गार पाणी दिलं, घरच्याच पेल्यात, माझ्या हातात. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण हातात पेला देणारी घरं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी होती.

पाणी पिताना कसली तरी गुणगुण ऐकू आली. फ्रीजच्या शेजारी जमिनीवर मोठा राखाडी डबा होता. वर काचेत काटा. काटा जागच्या जागी, हलत नव्हता.

"बाईसाहेब, हे काय आहे?"

"हे होय? हे फार कामाचं आहे," त्या कौतुकाने म्हणाल्या. "इथली वीज मेली एवढी कमी येते की आमच्या फ्रीजची मोटर जळते की काय अशी भीती वाटायची. यांनी हा डबा आणून बसवला. पावसाळ्यापासून काही त्रास नाही बघ."

मी पेला खाली ठेवला आणि वाकून पाहिलं. डब्याच्या बाजूला पांढऱ्या रंगाने आमच्या कचेरीचं नाव आणि सरकारी सामानाचा नंबर रंगवलेला होता. माझ्या मशीनवर जो नंबर होता त्याच्या पुढचाच.

मला काय वाटलं ते नीट सांगता येईल असं वाटत नाही. दोन महिने मी नखं कापत होते, श्वास मोजत होते. दोन महिने एक अख्खी कचेरी माझ्या हातांना हसत होती. आणि माझ्या मशीनची वीज इथे लोणी आणि दूध गार ठेवत होती. साहेबांना माहीत होतं. मेमोवर सही करताना माहीत होतं. माझी वही उलटताना माहीत होतं. बडेबाबूंनाही माहीत होतं.

"काय आणलं होतंस ते दे ना, उठले की देते त्यांना," बाई म्हणाल्या.

खुलासा माझ्या हातात होता. मी म्हटलं, "नाही बाईसाहेब. यात एक चूक राहिली आहे. दुरुस्त करून देते."

कचेरीत परत न जाता मी घरी गेले. मावशीला आणि संध्याकाळी मावसाला सगळं सांगितलं. मावसा घाबरला. "साहेबाच्या घरातली गोष्ट कागदावर लिहिशीन तं नोकरी जाईन पोरी. माफी माग आन मोकयी हो. मशीन काय तुह्या बापाचं हाय?"

मावशीने त्याला तिथेच अडवलं. "मशीन बापाचं नाई, पन नाव तं बापाचं हाय ना तिच्यामांगं? चुकली असती तं मीच म्हनलं असतं, माग माफी. चुकली नाई तं काहून मागन थे?"

दुसऱ्या दिवशी मी नवा खुलासा लिहिला. कुणावर आरोप केला नाही. वही साहेबांकडे होती, म्हणून पडताळणीच्या कागदांवरून, चुका कोणत्या दिवशी, किती वाजता, कितीने झाल्या ते लिहिलं. जिनिंगच्या सुटीत आणि मंगळवारी एकही झाली नाही हे लिहिलं. मेकॅनिकने काय पाहिलं ते लिहिलं. आणि शेवटी एक वाक्य: 'मशीनसोबत आलेला अमुक नंबरचा स्टॅबिलायझर नागपूरला दुरुस्तीस असल्याचे समजते, तथापि तोच नंबर असलेला डबा मी स्वतः अमुक तारखेस साहेबांच्या निवासस्थानी चालू स्थितीत पाहिला.' कागद बडेबाबूंच्या हातात दिला असता तर तो कुठे गेला असता हे आता मला कळत होतं. म्हणून मी आधी आवक-टेबलावर गेले. तिथल्या कारकुनाने न वाचताच शिक्का मारला आणि नंबर घातला. माझ्या प्रतीवरही शिक्का घेतला. मग कागद बडेबाबूंच्या टेबलावर ठेवला आणि मशीनसमोर जाऊन उभी राहिले.

बडेबाबूंनी वाचला. त्यांचा चेहरा बघायला मी वळले नाही. पण खुर्ची सरकल्याचा आवाज ऐकला. दहा मिनिटांत ते सायकल घेऊन बाहेर पडले.

दोन दिवसांनी सकाळी कचेरीत आले तर डबा मशीनशेजारी होता. ठेल्यावरून आला असं चपराशी म्हणाला. सामानाच्या नोंदवहीत लिहिलं होतं, 'नागपूरहून दुरुस्त होऊन परत.' मी तो मशीनला लावला. जिनिंगचा भोंगा झाला, डोक्यावरचा बल्ब पिवळा पडला, डब्याचा काटा जरासा थरथरून पुन्हा जागेवर आला. अकोटच्या कापसाचा गठ्ठा मी सहा वेळा घातला. सहाही बेरजा एकच.

पडताळणीला बसवलेले दोन कारकून आपापल्या टेबलांवर परत गेले. साहेब ताप उतरून आले. पुढच्या महिन्यात वरचे अधिकारी तपासणीला आले तेव्हा साहेबांनी त्यांना डब्याचा काटा दाखवला आणि सांगितलं, "व्होल्टेजचा प्रश्न होता, आम्ही तो शोधून काढला." आम्ही. मी हात मागे बांधून तिथेच उभी होते. माझी वही मला परत मिळाली नाही.

तपासणीनंतर आठवड्याभराने साहेबांच्या बाई कचेरीत आल्या. साहेब दौऱ्यावर होते. हॉलमधली सगळी माणसं उभी राहिली. त्या सरळ माझ्याकडे आल्या. मशीनकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं.

"मला माहीत नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "त्यांनी सांगितलं होतं, विकत घेतला. तुला खूप बोलले का इथे?"

मी हो म्हटलं.

"मी त्यांच्या वतीने काही बोलू शकत नाही. माझ्या वतीने बोलते. चूक झाली." एवढं बोलून त्या गेल्या. त्या सगळ्या प्रकरणात माझी माफी मागणारी एकच व्यक्ती भेटली, आणि चूक तिची नव्हती.

मेमो माझ्या फायलीत तसाच राहिला. परिवीक्षा एका वर्षाने वाढली. कारण लिहिलं होतं, 'यंत्र हाताळणीत अधिक सरावाची आवश्यकता.' मी वरच्या कचेरीला अर्ज केला, सोबत आवकेचा शिक्का असलेली प्रत जोडली. चार महिन्यांनी उत्तर आलं: 'यंत्र सध्या सुरळीत चालू असल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे.'

सुटीत अमरावतीला गेले तेव्हा ते उत्तर मी वडिलांना वाचून दाखवलं. ते प्रेसमधून नुकतेच आले होते, अंगावर रुई चिकटलेली.

"याच्यात कुठं लिहिलं हाय का तू चुकली नव्हती?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग हे कायचं उत्तर? यायनं मशीनचं सांगतलं. मशीनचं कोन इचारलं होतं?"

मी कागदाची घडी घातली.

"दुसरा अर्ज लिही," ते म्हणाले.

दुसरा लिहिला. पुढे तिसरा आणि चौथाही लिहिला, साहेब बदलून गेल्यावर. त्यांना उत्तरं आली नाहीत. मी कायम झाले, पण एक वर्ष उशिरा. त्यामुळे माझ्यानंतर लागलेले दोघे ज्येष्ठतेच्या यादीत माझ्या वर गेले आणि निवृत्त होईपर्यंत वरच राहिले. त्यातला एक पुढे माझा वरिष्ठ झाला. भला माणूस होता. एकदा त्याने माझी जुनी फाईल चाळली आणि म्हणाला, "ताई, झालं गेलं. आता कशाला उकरता?"

मी त्याला म्हटलं, "साहेब, मी उकरत नाही. ते पुरलेलंच नाही." आणि पाचवा अर्ज त्याच्या टेबलावर ठेवला, आवकेचा शिक्का मारून.